तेल कमी करायचं की तेल बदलायचं?

धागाकर्ता:
रक्तातली ट्रायग्लिसराईड (एक प्रकारची चरबी) वाढलेली निघाली की सल्ला ठरलेला: तेलकट बंद. मला हे अर्धवट वाटतं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये जवळपास 49 हजार स्त्रियांवर कमी स्निग्ध आहाराची चाचणी झाली. 2006 साली निकाल आला, तर हृदयविकारात म्हणावी अशी घट नाहीच. याउलट स्पेनच्या प्रेडिमेड चाचणीत भूमध्यसागरी आहार (भाज्या, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल) घेणाऱ्या एका गटाला रोज चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट, आणि उष्मांकांवर बंधन नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, सगळं मिळून तुलनेच्या, म्हणजे कमी स्निग्ध खायला सांगितलेल्या, गटापेक्षा सुमारे 30 टक्के कमी.

शंकासुर:
असहमत. प्रेडिमेडचा शोधनिबंध 2018 मध्ये मागे घ्यावा लागला होता, ते बरं विसरलात! गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पडायला हवेत. तिथे काही घरांत नवरा-बायको एकाच गटात घातले, एका ठिकाणी तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार. शिवाय त्या 30 टक्क्यांत मोठा वाटा पक्षाघाताचा. आणि ज्याच्याशी तुलना केली त्या ‘कमी स्निग्ध’ गटाचं स्निग्ध फारसं कमी झालंच नव्हतं. मग हरलं कोण?

धागाकर्ता:
शेवटचा मुद्दा मान्य. पण निबंध त्याच वर्षी फेरतपासणी करून पुन्हा छापला गेला आणि आकडा साधारण तोच राहिला.

बरं, प्रेडिमेड बाजूला ठेवू. स्वीडनमध्ये 39 तरुण, सडपातळ लोकांना सात आठवडे जादा मफिन खाऊ घातले. निम्म्यांच्या मफिनमध्ये पाम तेल, निम्म्यांच्या सूर्यफूल तेल. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, सुमारे दीड किलो. पण यकृतातली चरबी पामवाल्यांची बरीच जास्त वाढली. उष्मांक तेच, वजन तेच, यकृत मात्र वेगळं. (मफिन खायला पैसे मिळत असतील तर मीही नाव देतो.)

शंकासुर:
प्रयोग छान आहे, पण तो जादा खाणाऱ्यांचा. उलट बाजू बघा. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत टाईप 2 मधुमेहींना काही महिने दिवसाला साधारण 850 उष्मांकांचं पेय दिलं. वर्षअखेरीस 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. 15 किलो किंवा जास्त घटवणाऱ्यांत 86 टक्के. तिथे ऑलिव्ह कुठे होतं? वजन उतरलं, यकृतातली चरबी उतरली, साखर उतरली. ग्रॅमला 9 उष्मांक ऑलिव्ह तेलातही असतातच.

काठावरची:
माझं उदाहरण. ‘चांगलं तेल’ म्हणून आधीच्याच जेवणावर वरून ओतायला लागले. चार महिन्यांत तीन किलो! नंतर कळलं, वरून ओतायचं नाही, लोणी आणि बिस्किटं काढून त्यांच्या जागी घ्यायचं. सोबत डाळी, भाज्या, अख्खी धान्यं हवीत. लोक बाटली उचलतात आणि बाकीचं ताट सोडून देतात.

धागाकर्ता:
‘त्यांच्या जागी’ हा शब्द मी मूळ धाग्यात घालायला हवा होता. शंकासुर, 850 उष्मांकांवर माणूस काही महिने राहील. त्यानंतरची वीस वर्षं तो काय खाणार, ते सांगा.

शंकासुर:
मोजून खाईल. तुमचे चार चमचेसुद्धा.