ट्रिलियनला मराठीत काय म्हणायचं? (महापद्म, शंकू, लाख कोटी वगैरे)

ताऱ्यांकडे यान पाठवण्याच्या योजनांवर एक लेख मराठीत आणतोय. दशलक्ष आणि अब्ज रुळलेले आहेत, त्यामुळे मिलियन-बिलियनची अडचण नाही. गाडी अडते ती ट्रिलियनपाशी. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर, म्हणजे सुमारे ४० ट्रिलियन किलोमीटर. ४० महापद्म लिहू, ४ शंकू लिहू, की ४० लाख कोटी? आणि खर्व म्हणजे नक्की किती? हिंदीत खरब बघितला तर आकडा वेगळाच निघतो.

———

निघणारच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या यादीत प्रत्येक नाव आधीच्या दसपट: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. म्हणून तिथला खर्व एकावर दहा शून्यं. हिंदीत अरब, खरब, नील, पद्म, शंख ही नावं शंभरपटीने चढतात आणि मध्ये 'दस अरब', 'दस खरब' येतात. त्यांचा खरब एकावर अकरा शून्यं. आपल्याकडेही 'अब्ज, दशअब्ज, खर्व, दशखर्व' अशी माळ म्हणणारे आहेतच, म्हणजे घरातच दोन खर्व.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. २०१६ साली युरी मिल्नर आणि स्टीफन हॉकिंग यांनी 'ब्रेकथ्रू स्टारशॉट' जाहीर केला: काही ग्रॅम वजनाची यानं, त्यांना पातळ शिडं आणि त्यांवर जमिनीवरून १०० गिगावॉट लेझरचा झोत. प्रकाशाच्या वेगाचा पाचवा हिस्सा गाठून वीसेक वर्षांत प्रॉक्सिमाच्या शेजारचा अल्फा सेंटॉरी. हे १०० गिगावॉट हिंदीत एक खरब वॉट आणि लीलावतीच्या हिशेबात एक निखर्व. तुम्ही 'खर्व' लिहिलंत की अर्ध्या वाचकांच्या डोक्यात लेझर दहापट दुबळा!

———

परार्धाचा घोळ याहून जुना आहे. यजुर्वेदाच्या यादीत तो एकावर बारा शून्यं, म्हणजे चक्क ट्रिलियन. भास्कराचार्यांकडे तोच सतरा शून्यांवर गेला. आणि घरोघरी तो ऐकू येतो संकल्पात, 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे'. तिथे संख्या नव्हेच, ब्रह्मदेवाचं अर्धं आयुष्य. अर्बुद तर आता वैद्यकात गाठीसाठीच उरलाय. दहा कोटी म्हणून वापरून बघा, वाचक घाबरेल.

———

तरी मला ही नावं अशी मोडीत काढवत नाहीत. किलोमीटर सोडून मीटरमध्ये मोजलं तर एक परार्ध मीटर म्हणजे साधारण साडेदहा प्रकाशवर्षं. एप्सिलॉन एरिडनी हा तारा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. प्रॉक्सिमा चार मध्य मीटरांवर. म्हणजे ११५० च्या सुमाराची ही अठरा स्थानं शेजारच्या ताऱ्यांपर्यंत बरोबर पुरतात. श्लोकातच म्हटलंय की पूर्वसूरींनी ही नावं 'व्यवहारार्थं' केली. परार्धाचा व्यवहार तेव्हा कोण करत होतं देव जाणे, पण आता करायला हरकत नसावी.

———

चौकटीत जरूर टाका, मजकुरात नको. ज्या शब्दाची किंमत दर वेळी कंसात सांगावी लागते, त्याने वाचकाचं काम वाढतं. 'लाख कोटी' अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी सगळ्यांच्या कानात बसवलंय आणि त्यात वाद नाही. ४० लाख कोटी किलोमीटर, बस्स.

त्यातही आकडा एकदाच द्या आणि पुढे काळाने सांगा. व्हॉयेजर १ हे १९७७ साली निघालेलं यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जातंय आणि २५ अब्ज किलोमीटरच्या पुढे पोचलंय. त्याच वेगाने प्रॉक्सिमा गाठायची तर सुमारे ७५ हजार वर्षं. इथे शंकू काय आणि महापद्म काय, वाचकाला काहीच जास्त कळणार नाही.

उलटीही चूक होते. स्टारशॉटसाठी सुरुवातीला जाहीर झालेली रक्कम '१०० दशलक्ष डॉलर' अशी छापतात. सरळ दहा कोटी म्हणा की! तसंच १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश 'डेडॅलस' या तारायानाच्या आराखड्याचं. त्यातलं ५० हजार टन इंधन टनांतच राहू द्या. पाच कोटी किलो म्हटल्याने फक्त शून्यं वाढतात.

———

ठरलं तर. अंतरं लाख कोटीत, लेझर गिगावॉटमध्येच, निखर्व बाद. एप्सिलॉन एरिडनीचा परार्ध मात्र चौकटीत घेतोय, 'लीलावतीतला' असं स्पष्ट लिहून. आता 'प्रोब'ला नुसतं यान म्हणू की शोधयान? शीर्षकात 'आंतरतारकीय' आधीच आहे, त्यामुळे जागा फार नाही.

———

शीर्षकात यान, आत पहिल्यांदा शोधयान.