एचसीएल वायू शोषायला फॉलिंग फिल्म की पॅक्ड टॉवर?

प्रोसेसवाला: आमच्याकडे टोल्युइन क्लोरिनेशनचा नवा प्लांट उभा राहतोय. सुटणारा एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) वायू पाण्यात शोषून त्याचं अ‍ॅसिड करायचंय. उभ्या नळ्यांतून पाण्याचा पापुद्रा उतरवून वायू शोषणारा ग्राफाइटचा फॉलिंग फिल्म अ‍ॅब्सॉर्बर महाग पडतो, म्हणून वरिष्ठांचा साध्या पॅक्ड टॉवरचा (आत पॅकिंगचे तुकडे भरलेला उभा टॉवर) आग्रह आहे. माझं मत ठाम आहे, फॉलिंग फिल्मच हवा. एचसीएल पाण्यात इतका पटकन विरघळतो की अडचण विरघळवण्याची नाहीच, उष्णता काढण्याची आहे. १ किलो वायूपासून ३० टक्क्यांचं अ‍ॅसिड होताना सुटणाऱ्या उष्णतेत जवळपास पाऊण किलो पाण्याची वाफ होईल. नळीच्या आतून उतरणारा पाण्याचा पापुद्रा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, त्याच्या पाठीला ग्राफाइट, पलीकडे कूलिंग वॉटर. उष्णता जिथे सुटते तिथूनच निघून जाते. पॅकिंगमध्ये ती जाणार कुठे?

मेंटेनन्स काका: वाफेबरोबर वर जाते, आणि तेच बरं. टॉवरमधलं अ‍ॅसिड उकळीच्या जवळ असतं, त्यामुळे वायूसोबत आलेलं टोल्युइन वाफेबरोबर निघून जातं. वर कंडेन्सर लावा, झालं. तुमच्या थंड फिल्ममध्ये ते अ‍ॅसिडमध्येच उतरणार आणि वासावरूनच टँकर परत येणार. ३० टक्के तर टॉवरही देतो.

दुसरं, मी असा अ‍ॅब्सॉर्बर उघडून पाहिलाय. वरची ट्यूबशीट (नळ्यांची तोंडं बसवलेली जाड चकती) ३ मिलिमीटर कललेली होती. उताराकडच्या नळ्या भरभरून वाहत होत्या, चढाकडच्या कोरड्या ठणठणीत. त्यातून वायू जसाच्या तसा खाली, आणि चिमणीतून पांढरा धूर.

प्रोसेसवाला: काका, हा आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार झाला. कलली ती उभारणी. लेव्हल लावून बसवा, प्रत्येक नळीच्या तोंडाची फेरूल (पाणी आत सोडणारं कडं) एका उंचीत आणा, नळ्या ओल्या राहतील.

रात्रपाळीची केमिस्ट: दादा, लेव्हल बरोबर असली तरी पाणी पुरायला हवं ना. ३२ टक्के हवं तर १ किलो वायूला सव्वादोन किलोसुद्धा पाणी देता येत नाही. बॅच संपत आली की वायू कमी होतो. पाणी कमी केलं तर नळ्या कोरड्या, तसंच ठेवलं तर अ‍ॅसिड पातळ. पहाटे चारला हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) बुडवून २४ टक्के वाचलंय मी, आणि उत्तर मलाच द्यावं लागलं. ड्रॉइंग काढणारे तेव्हा झोपलेले असतात.

प्रोसेसवाला: तुमचा मुद्दा खरा आहे. त्याला उपाय, टाकीतलं अ‍ॅसिडच पंपाने परत माथ्यावर फिरवायचं. नळ्या ओल्या राहतात, ताजं पाणी वायूच्या हिशेबाने कमी-जास्त करता येतं. प्रवाह जास्त झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. जर्मन अभियंता नुसेल्टने १९१६ मध्ये दाखवलेल्या सूत्राप्रमाणे पापुद्र्याची जाडी प्रवाहाच्या घनमुळाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तरी जाडी २६ टक्क्यांनीच वाढते. टॉवरला असा बदलता वायू दिला तर त्याचं तापमानच हलतं, टक्केवारी कशी धरून ठेवणार? टोल्युइनच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही.

मेंटेनन्स काका: मग ऑर्डर देण्याआधी रिअ‍ॅक्टरच्या कंडेन्सरनंतर वायूत टोल्युइन किती उरतं ते मोजून घ्या. जास्त निघालं तर मी टॉवरवरून हलणार नाही.