ओव्हनमध्ये भाजलेली रताळी बाहेरून करपतात आणि गाभ्यात टणक राहतात, काय करावे?

प्रश्न: जुळेसोलापूरकर

नमस्कार. महाशिवरात्र तोंडावर आली आहे, म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारते. आमच्याकडे उपवासाला रताळ्याचा कीस आणि घाऱ्या नेहमीच होतात, परंतु जानेवारीत मंगळवेढ्याकडे हुरडा खायला गेलो की आगटीच्या आरात पुरलेली रताळी हुरड्याच्याही आधी संपतात आणि घरी परतल्यावर सर्वांची मागणी तशाच रताळ्यांची असते. फ्लॅटमध्ये आगटी पेटवता येत नाही, त्यामुळे वर आणि खाली कॉइल असलेल्या २८ लिटरच्या ओटीजीवर भिस्त ठेवावी लागते.

माझी पद्धत अशी आहे. ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर तापवून घेते, रताळी स्वच्छ धुऊन, पुसून, काट्याने टोचून मधल्या जाळीवर ठेवते आणि पाऊण तासाने काढते. साल काळी पडते, सालीखालचा बोटभर थर मऊ होतो, परंतु मध्यभागी सुरी अडते आणि गोडी तर जवळजवळ नसतेच. फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली तेव्हा करपली नाहीत, मात्र चव थेट उकडलेल्या रताळ्यांसारखी आली. रताळी लक्ष्मी मंडईतून लाल सालीची, मोठी, चांगली दिसणारी घेतली होती आणि शिळी होऊ नयेत म्हणून फ्रिजमधील भाजीच्या कप्प्यात आठवडाभर ठेवली होती.

दोष तापमानाचा आहे, ओव्हनचा आहे की रताळ्यांचा, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे त्यांना भाजलेले रताळे द्यावे की उकडलेले, याविषयीही कोणी लिहिल्यास बरे होईल.

उत्तर: भट्टीशेजारी

ताई, ओव्हनमध्ये बिघाड असावा असे वाटत नाही. आपण त्याला जे तापमान दिले ते पाव भाजण्याला साजेसे आहे, रताळ्याला नव्हे.

रताळ्यातील सगळीच गोडी काही जमिनीतून येत नाही. तिचा मोठा भाग भाजताना तयार होतो. रताळ्यात पिष्ट भरपूर असते आणि त्याबरोबर बीटा अमायलेज नावाचे एक विकर असते, जे शिजलेल्या पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते. पिष्ट साधारण ६५ अंशांच्या पुढे फुगून शिजू लागते, तर हे विकर ८० अंशांच्या आसपास निकामी होते. म्हणजे साखर तयार होण्यासाठी गाभ्याला या दोन तापमानांच्या मधल्या टप्प्यातून जाताना जितका अधिक वेळ मिळेल तितकी गोडी वाढते. आगटीत नेमके हेच होते, कारण ज्वाळा विझल्यावर उरलेला आर आणि राख रताळ्याला चहूबाजूंनी मंद आच देतात आणि ती आच घाई करत नाही. मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत शिजवलेले रताळे सपक लागते, त्याचेही कारण हेच.

लहान ओटीजीची एक अडचण आहे. त्यात कॉइल पदार्थापासून जेमतेम वीतभर अंतरावर असते आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये रताळे ठेवले की लाल झालेल्या कॉइलची धग सालीवर सरळ पडते. रताळ्याच्या गरातून उष्णता फार सावकाश आत जाते. त्यामुळे साल कोळसा होण्याच्या बेतात येते तेव्हा मध्यभाग शिजण्याच्या उंबरठ्यावरच असतो. पुन्हा, बऱ्याच ओटीजींच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा घेतला की हा संशय कायमचा मिटतो.

मी पुढीलप्रमाणे भाजतो. मनगटाएवढी जाड रताळी बाजूला ठेवून, दोन बोटे ते अडीच बोटे जाडीची, शक्यतो एकसारखी रताळी निवडतो. धुऊन पूर्ण कोरडी करतो आणि दोन्ही टोकांशी एक-दोन ठिकाणी टोचतो. जागोजाग टोचण्याची गरज नाही, वाफेला वाट मिळाली की पुरे. ती न कापता, न सोलता, थंड ओव्हनच्या खालच्या जाळीवर ठेवतो आणि मगच ओव्हन चालू करतो. दोन्ही कॉइल चालू ठेवून पहिली पस्तीस-चाळीस मिनिटे १५० अंश, त्यानंतर २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे, मध्ये एकदा उलटवून. खालच्या ट्रेवर कागद किंवा फॉइल अंथरणे आवश्यक आहे, कारण शेवटच्या टप्प्यात टोकांच्या छिद्रांतून पाक बाहेर येतो, ट्रेवर पडून उकळतो आणि काळा पडून असा चिकटतो की घासताना हात भरून येतो. हा पाक म्हणजे रताळे तयार झाल्याची सर्वांत भरवशाची खूण. दुसरी खूण सालीची: ती गरापासून सुटते, सुरकुतते आणि बोटाने दाबल्यास आत पोकळी जाणवते. सुरी घातल्यावर मध्यभागी कोठेही अडखळता कामा नये. नंतर ओव्हन बंद करून दार न उघडता दहा मिनिटे आतच राहू द्यावीत.

विजेची काळजी अनेकांना वाटते. दीड किलोवॉटचा ओटीजी तासभर चालला तरी थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करत असल्यामुळे पूर्ण दीड युनिट जळत नाही. तरीही दोन रताळ्यांसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. ट्रे भरून भाजावीत. आणि हे सर्व शिवरात्रीपर्यंतच शोभते, सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी स्वयंपाकघरात ओव्हन लावणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार.

उत्तर: करमाळ्याचा शेतकरी

वरील उत्तर ओव्हनच्या बाजूने योग्य आहे, परंतु ताईंच्या प्रश्नातील खरी मेख फ्रिजमध्ये आहे, असे मला वाटते. रताळे हे उष्ण हवेतले पीक आहे आणि कच्चे रताळे साधारण १२ अंशांखाली काही दिवस राहिले की त्याला थंडी बाधते. अशा रताळ्याचा गाभा नंतर कितीही शिजवला तरी टणकच राहतो. ओव्हन असो, कुकर असो वा आगटी असो, फरक पडत नाही. बटाटा एक वेळ फ्रिजमधून काढून चालतो, पण रताळे चालत नाही. ते टोपलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. माती लागलेले रताळे मिळाल्यास मातीसकटच ठेवावे आणि भाजण्यापूर्वी धुवावे. बाजारात जी धुऊन चकचकीत केलेली रताळी असतात ती दिसायला चांगली असतात, पण ओलसर राहिल्याने लवकर सडतात.

आता मालाविषयी. आमच्या करमाळा भागात महाशिवरात्र आणि आषाढी एकादशी या दोन सणांचा हिशेब धरूनच रताळ्याची लागण होते. वेलाचे तुकडे सरींवर लावल्यापासून साधारण चार महिन्यांत काढणी येते, त्यामुळे शेतकरी सणापासून मागे मोजत लागणीचा महिना ठरवतो. याचा दुसरा परिणाम असा की सणाच्या आधीच्या चार-पाच दिवसांत सगळा माल एकदम निघतो आणि मातीतून काढलेले रताळे लगेच बाजारात पोहोचते. ताज्या रताळ्यात पिष्ट जास्त आणि साखर कमी असते. काढणीनंतर काही दिवस ते उबदार, दमट जागी राहिले तर खरचटलेल्या सालीवर नवा थर धरतो, रताळे टिकाऊ होते आणि हळूहळू गोड होत जाते. शास्त्रीय पद्धतीत यासाठी सुमारे ३० अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता चार ते सात दिवस ठेवतात. आपल्याकडे फेब्रुवारीत दिवसाची ऊब आपोआप मिळते, पण हवा कोरडी असते. म्हणून सावलीत रास करून वर गोणपाट टाकावे, मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. ज्यांना शिवरात्रीला गोड रताळे हवे आहे त्यांनी ते आठ-दहा दिवस आधी घ्यावे. तेव्हा भावही बरा असतो, सणाच्या आदल्या दिवशी काय होते ते मंडईत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मोठे आणि देखणे रताळे भाजण्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात बेळगावकडचा मालही येतो, तो आकाराने मोठा आणि दिसायला एकसारखा असतो. किसासाठी तो सोयीचा, कारण सोलताना वाया कमी जाते. भाजण्यासाठी मात्र आमचे गावरान, बारीक, लाल सालीचे रताळे उजवे. (स्वतःच्या मालाची बाजू घेतो आहे, हे मान्य, पण खाऊन पाहावे.)

आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. सालीवर टाचणीने केल्यासारखी बारीक छिद्रे आणि कापल्यावर आत काळपट बोगदे दिसले तर तो सोंडकिड्याचा प्रादुर्भाव असतो. असे रताळे कडू लागते, त्याला उग्र वास येतो आणि भाजून किंवा उकडून तो कडूपणा जात नाही. किडका भाग कापून उरलेला वापरण्याचा मोह टाळावा. ते रताळे पूर्ण टाकून द्यावे, जनावरांनाही घालू नये.

उत्तर: होटगी रस्ता

इतका विचार करण्याची आवश्यकता आहे का, असा प्रश्न पडतो. आमच्या घरी कुकरमध्ये जाळीवर रताळी ठेवून एक शिट्टी घेतात आणि मग ओव्हनमध्ये २२० अंशांवर पंधरा मिनिटे भाजतात. मध्यभाग कच्चा राहण्याचा प्रश्नच उरत नाही आणि वेळ निम्मा लागतो. फॉइललाही सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिली तीस मिनिटे गुंडाळून आणि नंतर उघडून भाजले तर दोन्हींचा लाभ मिळतो.

उत्तर: भट्टीशेजारी

कुकरची युक्ती घाईच्या दिवशी उपयोगी आहे, हे मान्य. परंतु कुकरमध्ये तापमान काही मिनिटांतच शंभराच्या वर जाते आणि गोडी तयार करणारे विकर काम सुरू करण्यापूर्वीच संपते. म्हणून रताळे मऊ होते, सालीला रंगही येतो, पण पाक सुटत नाही. फॉइलविषयी आपले म्हणणे मला पटते, विशेषतः ज्यांच्या ओव्हनची वरची कॉइल फार जवळ आहे त्यांनी सुरुवातीला वरून फॉइलचे नुसते झाकण घालावे. पूर्ण गुंडाळून शेवटपर्यंत ठेवले की रताळे स्वतःच्याच वाफेत उकडते आणि ताईंना आला तोच अनुभव येतो.

प्रश्नकर्ती: जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. फ्रिजची गोष्ट मला पूर्णपणे नवीन होती. या वेळी बारीक रताळी आधीच घेऊन ठेवीन. दोन शंका उरल्या आहेत. सालीला तूप लावून भाजावे की कोरडेच? आणि ज्या ट्रेमध्ये एरवी अंडे घातलेला केक भाजला जातो, त्याच ट्रेमध्ये उपवासाचे रताळे ठेवण्यास सासूबाईंची हरकत आहे. त्यावर काही तोडगा आहे का? सासऱ्यांविषयीही कोणी लिहावे.

उत्तर: अन्नविज्ञान शिकवते

मधुमेहाविषयी लिहिते. ज्या कारणामुळे मंद भाजलेले रताळे गोड होते, त्याच कारणामुळे ते रक्तातील साखर अधिक वेगाने वाढवते. उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक भाजलेल्यापेक्षा बराच कमी असल्याचे आढळते. त्यामुळे सासऱ्यांसाठी सालीसकट उकडलेले, लहान रताळे, दह्याबरोबर किंवा शेंगदाण्याच्या कुटाबरोबर देणे अधिक योग्य. किती द्यावे हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे, विशेषतः उपवासाच्या दिवशी ते गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर. कारण इतर जेवण बंद असताना औषधाची मात्रा तीच ठेवणे धोक्याचे ठरू शकते.

एक गैरसमज या निमित्ताने दूर करते. रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते असे सर्रास लिहिले जाते, परंतु ते नारिंगी गराच्या रताळ्याला लागू आहे, कारण बीटा कॅरोटीन त्या गरात असते. आपल्या मंडईत मिळणाऱ्या लाल सालीच्या रताळ्याचा गर पांढरा किंवा फिकट पिवळा असतो आणि त्यात ते अत्यल्प असते. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हे नारिंगी गराचे वाण विकसित केले आहे. ते कोठे मिळाल्यास अवश्य घ्यावे. मात्र नारिंगी गर भाजल्यावर अधिक ओलसर आणि मऊ होतो, आगटीतल्या रताळ्याचा पिठूळपणा त्यात शोधू नये.

उत्तर: भट्टीशेजारी

तूप लावल्यास साल मऊ आणि चकचकीत होते व सालीसकट खाता येते. कोरडे भाजल्यास साल कागदासारखी सुटते. आगटीची आठवण हवी असेल तर कोरडेच भाजावे आणि फोडल्यावर वरून तूप व सैंधव घालावे. उपवास नसेल त्या दिवशी आपली शेंगा चटणी सोबत असावी, पण तीत लसूण असल्याने शिवरात्रीला ती बाजूलाच राहू द्यावी.

ट्रेबाबत सासूबाईंशी वाद घालू नये. रताळ्याला ट्रे लागतच नाही, जाळी पुरते; पोळ्या भाजून झाल्यावर फुलके फुगवायची जी गोल जाळी असते ती ओव्हनच्या जाळीवर ठेवावी आणि पाक झेलण्यासाठी खाली स्टीलचे जुने ताट सरकवावे. त्या जाळीला लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर मात्र ती ओव्हनमध्ये घालू नये. भाजून उरलेली रताळी फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही, कारण थंडीची बाधा कच्च्या रताळ्याला होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जाड चकत्या करून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी परताव्यात.