कांचनजंगा: मुंबईचा पाऊस ओळखणारा टॉवर, की बत्तीस घरांचे लाड?

गच्चीवरून
पेडर रोडवरून बस गेली की मान वाकडी करून कांचनजंगाकडे बघायची सवय मला कॉलेजपासूनची. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या वास्तुरचनाकारांचं काम, 1983 मध्ये पुरं झालं. 28 मजले, उंची साधारण 84 मीटर, म्हणजे आजच्या मुंबईत किरकोळच. तरी माझं मत ठाम आहे: या शहराचा पाऊस-वारा कळलेला टॉवर हा एकच.

पंचाईत अशी की वारा पश्चिमेचा, समुद्र पश्चिमेला आणि दुपारचं ऊन नि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून यावर तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा वर नेला. इमारतीचे कोपरे कोरून तिथे दोन मजली उंचीच्या बागा ठेवल्या. ऊन-पाऊस तिथे थोपतो, वारा घरातून आरपार जातो. आणि आताचे काचेचे डबे? आधी काच लावायची, मग ती तापते म्हणून एसी!

चाळकरी
देखणी आहे, वाद नाही. पण घरं किती? 32. तीन ते सहा बेडरूमची. एवढी ऐसपैस जागा मिळाली तर व्हरांडा कोणीही काढेल. गिरगावातल्या चाळीची गॅलरी तेच करते. ऊन झेलते, पाऊस झेलते, वर शेजारणींची भांडणंही. तिच्यावर धागा कोणी काढत नाही.

गच्चीवरून
कोणीही काढेल? मग त्याच परिसरातल्या बाकीच्या श्रीमंत टॉवरांत का नाही दिसत?

साइटवरचा
कारण हिशेब. आधी तांत्रिक बाजू: लिफ्ट-जिन्याचा मधला काँक्रीटचा गाभा वाऱ्याचा आडवा जोर घेतो, म्हणून कोपरे मोकळे सोडता आले. हे जमवायला डोकं लागतं, नुसता पैसा नाही.

आता बाल्कनी. पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची झाडांची जागा) एफएसआयबाहेर असायचे, म्हणजे प्लॉटच्या मानाने जेवढं बांधकाम करता येतं त्यात ते मोजत नसत. बिल्डर ते नकाशात दाखवायचे आणि ताबा देताना खोलीत ढकलायचे. 2012 मध्ये मुंबई महापालिका हद्दीत ते सगळं एफएसआयमध्ये मोजायला लागले, बदल्यात प्रीमियम म्हणजे शुल्क भरून घरांसाठी 35 टक्के जादा, ‘फंजिबल’ एफएसआय आला. मोजायचीच आहे तर उघडी कशाला ठेवा? विकताना ‘कार्पेट’, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ दिसतं, वारा दिसत नाही.

आठवा मजला
बिल्डरलाच का झोडता? आमच्या ठाण्याच्या घरी पश्चिमेला छान बाल्कनी होती. पहिल्याच जुलैत हॉलमधला सोफा भिजला, दिवाळीआधी मीच स्लायडिंग बसवून घेतलं. चार फुटी बाल्कनीत पाऊस अडत नाही हो.

गच्चीवरून
तेच तर म्हणतोय, बाल्कनी आत खोलवर हवी! चार फूट म्हणजे कपडे वाळवायची जागा.

चाळकरी
आणि तेवढी खोल बाल्कनी परवडणार कोणाला? फिरून आपण त्या 32 घरांपाशीच आलो. कोरिया स्वतः तर बैठ्या, दाटीच्या वस्तीच्या बाजूने बोलायचे. त्यांची नवी मुंबईतली बेलापूरची वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज बघा, घरांच्या भिंती शेजाऱ्याला चिकटवल्या नाहीत, पुढेमागे ज्याला त्याला वाढवता यावं म्हणून. लोकांनी इतकी वाढवलीत की मूळ घर शोधावं लागतं.

साइटवरचा
रविवारी बेलापूरला जाणारच आहे. सापडलं तर फोटो टाकतो.