घरच्या कोंबड्यांची अंडी सुपारीएवढी लहान का येत असावीत?

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. परसात गावठी कोंबड्या आहेत. काही जुन्या, तर काही यंदाच अंड्यांवर आलेल्या तलंगा. उन्हाचा कडाका वाढल्यापासून खुराड्यात अधूनमधून सुपारीएवढे अंडे सापडते. असे एक अंडे बशीत फोडून पाहिले, तेव्हा त्यात बलक नव्हताच. फक्त घट्ट पांढरा भाग आणि त्यात अडकलेली तांबूस, बारीक गाठ दिसली. तलंगांची अंडीही लहान आहेत, मात्र त्यांत बलक असतो. खाद्य म्हणून ज्वारी आणि मक्याचा भरडा देते. खुराड्यावर पत्रा आहे.

बिनबलकाची अंडी बहुधा आमची जुनी काळी कोंबडी देते. तिला काढून टाका, असे शेजारी सांगतात. पण तिने आजवर इतकी पिल्ले जिवापाड सांभाळली आहेत की ते माझ्या जिवावर येते. हा काही रोग आहे का? शिवाय एक कोंबडी खुडूक झाली आहे, तिच्याखाली तलंगांची अंडी ठेवावीत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, काळ्या कोंबडीला मुळीच काढू नका. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत उतरला की त्याभोवती आधी पांढरा भाग आणि नंतर कवच चढते. या साऱ्याला 24 ते 26 तास लागतात आणि त्यांतले सुमारे 20 तास एकट्या कवचाचे असतात. कधी बलकाऐवजी रक्ताची किंवा पेशींची बारीक गाठ नलिकेत शिरते आणि नलिका तिलाच बलक समजून गुंडाळते. तुम्ही पाहिलेली तांबूस गाठ तीच असावी. असे अंडे ताजे असल्यास खाता येते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

तलंगांची गोष्ट वेगळी आहे. पहिले काही आठवडे त्यांची अंडी लहानच असतात व पुढे आपोआप मोठी होतात. तोवर ती उबवायला ठेवू नयेत, कारण पिल्ले लहान व अशक्त निघतात. खुडूक कोंबडीखाली जुन्या कोंबड्यांची बलकाची अंडी ठेवा.

खरी काळजी मला उन्हाची आणि खाद्याची वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखाली तर त्याहून अधिक तापते. कोंबडी धापा टाकू लागली की खाणे कमी होते, अंडी लहान होतात आणि कवचही पातळ पडते. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या पसरा, सावलीत मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवा आणि खाद्य पहाटे व सायंकाळी द्या. नुसत्या ज्वारी-मक्यात प्रथिने साधारण 10 टक्क्यांच्या आसपासच असतात, अंड्यांवरच्या कोंबडीला मात्र 16 ते 18 टक्के लागतात. म्हणून भरड्यात सोयाबीनची पेंड मिसळा, पण बुरशी लागलेला मका किंवा पेंड कधीही देऊ नका. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सायंकाळी ठेवावा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते.

एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी लहान, सुरकुतलेली किंवा मऊ कवचाची येऊ लागली, पांढरा भाग पाण्यासारखा झाला किंवा कोंबड्या शिंकू लागल्या, तर मात्र संसर्गाची शंका घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. यांपैकी काही दिसते का आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस शेवटची केव्हा दिली होती, ते कृपया कळवावे.