घाटमाथा आणि पाणलोट एकच नव्हे

'चोर्ल्याची कड (घाटमाथ्याची धार) हीच पाणी वाटणारी रेषा' असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर. बेळगावहून गोव्याकडे जातानाचा चोर्ला घाट हे मुळात उतरत्या वाटेचं, चोर्ला गावावरून पडलेलं नाव. अख्ख्या डोंगररांगेला ते लावू नये. आणि कड म्हणजे पाणलोट, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारी रेषा, नव्हे. मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते, पण त्याच तालुक्यात देगावजवळ निघालेली म्हादई आधी पठारावरून वाहते, मग कड फोडून गोव्यात उतरते. पश्चिमेचा उतार तीव्र, त्यामुळे तिकडचे ओढे मागे मागे खोदत पठारात शिरतात. नकाशावर कडेची रेघ ओढून नद्या वाटायला बसलात की घोटाळा इथेच होतो.

पावसाचंही तसंच. ढग माथ्यावर चढताना थंड होऊन रिकामे होतात, पलीकडे उतरताना हवा तापते. म्हणून कणकुंबीकडे चार हजार मिलिमीटर सहज ओलांडतात आणि पन्नासएक किलोमीटरवरच्या बेळगावात सरासरी तेराशेच्या आसपास. बेळगावहून कणकुंबीकडे जाताना जांबोटीच्या रस्त्याला लागलं की झाडांच्या बुंध्यांवरचं शेवाळच ते सांगतं. एप्रिल-मेचा वळीव मात्र या हिशेबात धरू नका, तो स्थानिक उष्म्याचा.