कोरियन गायकांनी अमेरिकेसाठी इंग्रजीत गावं का?

रानजाई

माझी लेक बारावीत आहे. तीन वर्षांपूर्वी गाण्यांपायी तिने कोरियन लिपी शिकायला घेतली. वहीच्या मागच्या पानांवर एकेका ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहायचा आणि त्याखाली मराठीत अर्थ. तिच्यामुळे मीही ऐकू लागले, म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

मार्च २०१९ मध्ये बीटीएस या सात मुलांच्या कोरियन गटातल्या आरएमने एका अमेरिकी नियतकालिकाला सांगितलं होतं, की पहिल्या नंबरासाठी आम्हाला आमची ओळख बदलायची नाही. एकदम सगळं इंग्रजीत गायला लागलो तर ते बीटीएस राहणार नाही. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'डायनामाइट' आलं. सगळं इंग्रजीत, लिहिणारे दोघं ब्रिटनचे. बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत (विक्री, ऑनलाइन ऐकणं आणि रेडिओ यांवर ठरते) थेट पहिलं. २०२१ मध्ये 'बटर', तेही इंग्रजी, दहा आठवडे पहिलं. पाठोपाठ 'परमिशन टू डान्स', पुन्हा इंग्रजीच.

लोक याला अमेरिका जिंकणं म्हणतात, पण तसं म्हणायला माझं मन तयार नाही. कारण २०१८ मध्येच त्यांचा 'लव्ह युवरसेल्फ: टिअर' बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत पहिला आला होता, आणि तो मुख्यतः कोरियन भाषेतला अल्बम होता. ऐकणारे भाषा येत नसतानाही आले होते. बाकी होते ते रेडिओवाले. त्यांची मर्जी राखायला भाषा सोडली, असं मला वाटतं.

त्याआधीचं 'गंगनम स्टाइल' आठवा. २०१२ मध्ये साय हा गायक ते कोरियनमध्येच गायला आणि हॉट १०० वर सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिला. त्याच डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ ठरला. पण तेव्हा त्या यादीत यूट्यूबचा आकडा धरतच नव्हते. धरायला लागले फेब्रुवारी २०१३ पासून! काही महिन्यांनी एक कोरियन गाणं हुकलं, याची हळहळ मला आजही वाटते.

आठवा_सूर

असहमत, आणि ठामपणे असहमत.

ताई, कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत आहे, आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. एवढ्या घरच्या बाजारावर मोठ्या कंपन्यांचा खर्च निघत नाही. मुलं वर्षानुवर्षं शिकतात. त्यांचं राहणं, जेवण, नाचगाण्याचे मास्तर, सगळं आधी कंपनी घालते. त्यामुळे बाहेर जाणं हा या धंद्याचा पायाच आहे. बोआ ही कोरियन गायिका २००१ मध्ये जपानला गेली ती जपानी शिकून, जपानीत गायली, आणि २००२ मध्ये तिचा अल्बम तिथल्या यादीत पहिला आला. तिच्या मागून कितीतरी जण गेले. बीटीएसचे स्वतःचे जपानी अल्बम आहेत. जपानीत गाताना कोणाची ओळख बुडाली नाही, मग इंग्रजीतच कशी बुडते?

आणि २०२० साल कसं होतं ते विसरू नका. त्यांचा जगभरचा दौरा कोविडमुळे बंद पडला होता. स्टेडियमऐवजी घरात बसलेल्या सात मुलांनी लोकांना बरं वाटावं म्हणून एक हलकंफुलकं गाणं केलं. मी तेव्हा पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत एकटा अडकलो होतो. त्या गाण्याने मला उठून नाचायला लावलं. त्याला भाषेची गद्दारी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

रानजाई

गद्दारी हा शब्द माझा नाही. मी इतकंच म्हणतेय की २०१९ चं त्यांचं म्हणणं मला जास्त खरं वाटलं होतं.

खतावणी

दोघंही भाषेवर बोलताय, मी आकड्यांवर बोलतो. नोव्हेंबर २०२० मध्ये 'लाइफ गोज ऑन' हॉट १०० वर थेट पहिलं आलं. बहुतांश कोरियन असलेलं पहिलं आलेलं ते पहिलंच गाणं. रानजाई, हे तुमच्या बाजूचं उदाहरण, तरी तुम्ही सांगितलं नाहीत! पण ते वर आलं कशाने? चाहत्यांनी विकत घेतलेल्या डाउनलोडमुळे. रेडिओवर ते जेमतेम वाजलं आणि पुढच्याच आठवड्यात धपकन खाली आलं. २०१९ मध्ये सुपरएम या कोरियन गटाचा अल्बम बिलबोर्ड २०० वर पहिला आला, तो वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्या आणि अल्बमसोबत जोडून विकलेल्या वस्तूंच्या जोरावर. पुढे बिलबोर्डने असल्या मोजणीचे नियम कडक केले. एकच माणूस चार प्रती घेत असेल तर त्याला बाजारात शिरकाव कसा म्हणायचा?

निळी_शाई

खतावणी काका, चार प्रती घेणारी मी आहे, म्हणून लिहिते. आकाशवाणीवर फर्माईश पाठवायला लोक पोस्टकार्डांचे गठ्ठे टाकायचे, असं आजी सांगते. त्याला कोणी लबाडी म्हटलं नाही. तिकडच्या रेडिओवर ते गाणं जेमतेम वाजलं, हे तुम्हीच वर लिहिलंत. मग तिथल्या चाहत्यांच्या हातात दुसरं काय उरतं? मी इथून घेतलेली प्रत त्यांच्या यादीत मोजत नाहीत, तरी घेते. ते गाणं मला हवं असतं म्हणून घेते.

पेटीवाला

थोडं मागे जाऊ या. १९५९ मध्ये किम सिस्टर्स हा कोरियन मुलींचा गट अमेरिकेत लास वेगासला पोचला. दोन सख्ख्या बहिणी आणि एक नात्यातली. वडील संगीतकार, कोरियन युद्धात उत्तर कोरियाच्या लोकांनी त्यांना धरून नेलं. आई ली नान-यंग ही 'मोकपोचे अश्रू' गाणारी नावाजलेली गायिका. तिने पोरींना अमेरिकी सैनिकांपुढे उभं केलं. इंग्रजीचा गंध नाही. तबकड्या ऐकून नुसते उच्चार पाठ करायच्या. गाणं नीट बसलं की आई बक्षीस म्हणून केळी द्यायची. सैनिक मोबदला म्हणून दारूच्या बाटल्या द्यायचे, त्या देऊन घरात खायला यायचं. पुढे या मुली अमेरिकी टीव्हीवरच्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वीसहून जास्त वेळा झळकल्या. इंग्रजी गाणी तर गायल्याच, शिवाय डझनाहून जास्त वाद्यं वाजवली.

आता रानजाई, यांना काय म्हणायचं? पोट भरायला परकी भाषा तोंडपाठ केली, अर्थ नंतर कळला. मी हार्मोनियम वाजवतो. माझ्या गुरुजींना बंदिशी ब्रजमध्ये शिकवल्या गेल्या, घरात कोणी ब्रज बोलत नव्हतं. गळ्यातून गेली की ती त्यांची झाली.

पण आठवा_सूर, तुमचंही पूर्ण पटत नाही. इंग्रजीत गायलं की दार उघडतं हेही खोटं. बोआने २००९ मध्ये पूर्ण इंग्रजी अल्बम काढला, तो बिलबोर्ड २०० वर १२७ वर थांबला. त्याच वर्षी वंडर गर्ल्स या कोरियन गटातल्या मुलींनी घरचं ऐन भरातलं राज्य सोडलं, 'नोबडी' इंग्रजीत केलं, जोनास ब्रदर्स या अमेरिकी गटाच्या दौऱ्यात त्यांच्याआधी रंगमंचावर गायल्या, लहान मुलींच्या कपड्यांच्या दुकानांत आपली सीडी विकली. हॉट १०० वर जाणारा पहिला कोरियन गट ठरल्या, पण ७६ व्या क्रमांकावर. तोवर घरी गर्ल्स जनरेशन या दुसऱ्या गटाने त्यांची जागा घेतली होती. पोरींनी मेहनतीत कसूर केली नव्हती. तिकडे त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं. बीटीएस आलं तेव्हा मात्र विमानतळावर गर्दी उभी होती, आणि ती कोरियन गाण्यांनी जमवली होती. 'डायनामाइट' त्या गर्दीच्या खांद्यावर चढलं.

रानजाई

पेटीवाला, किम सिस्टर्सचं मला ठाऊक नव्हतं. त्या केळ्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. उपाशी पोरींनी तोंडपाठ केलेली इंग्रजी आणि जगभर स्टेडियम भरणाऱ्या गटाची इंग्रजी, दोन्ही एका तागडीत घालू नका. ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद आली, त्याने एकदा तरी नाही म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा.

खतावणींनी सांगितलेलं 'लाइफ गोज ऑन' मला आठवत होतं. पण पुढचे दोन्ही मोठे प्रयत्न पुन्हा इंग्रजीतच झाले, म्हणून ते मला माझ्या बाजूचं वाटत नाही.

आठवा_सूर

मग २०२४ चं 'आपातू' घ्या. कोरियन गट ब्लॅकपिंकमधली रोझे आणि अमेरिकी गायक ब्रूनो मार्स. बाकी बरंचसं इंग्रजी, पण सगळ्यांच्या तोंडी बसलं ते 'आपातू, आपातू'. मुळात इंग्रजी अपार्टमेंट. कोरियात झिजून आपातू झालं, मित्र दारू पिताना खेळतात त्या खेळाचं नाव झालं, आणि गाणं होऊन परत अमेरिकेत गेलं. हॉट १०० वर तिसऱ्या क्रमांकापर्यंत. तिथली पोरं आपलाच शब्द कोरियन उच्चाराने ओरडतात! आणि २०२५ मध्ये 'केपॉप डेमन हंटर्स' या चित्रपटातलं 'गोल्डन' आठ आठवडे पहिलं. इंग्रजी गाणं, मध्ये कोरियन ओळी, तशाच ठेवलेल्या. ते गाणाऱ्या तिघींपैकी इजे लहानपणापासून कोरियन कंपनीत शिकत होती, तिला तिथे कधी पदार्पण मिळालं नाही. भाषा अशी मिसळूनच जाते, ताई. शुद्ध कोरियन किंवा शुद्ध इंग्रजी असा सौदा आता उरलेला नाही.

रानजाई

मिसळण्याला माझी हरकत नाही. 'आपातू' मला आवडतं ते याचसाठी, की तिथे कोरियन शब्द मध्यावर आहे. 'डायनामाइट'मध्ये एकही नाही.

निळी_शाई

एक विचारायचं होतं. बीटीएसच्या कंपनीने, हाइबने, २०२५ मध्ये मुंबईत शाखा काढलीय. इथल्या मुलामुलींना त्यांच्या पद्धतीने तयार करणार आहेत. मी एकोणीस वर्षांची आहे, सहा वर्षं कथक शिकतेय, आणि चाचणीला जायचं मनात आहे. तिथे गाणं म्हणायला सांगितलं तर मी मराठी म्हणू की इंग्रजी?

पेटीवाला

पोरी, जे पाठ केलेलं नाही, आपोआप येतं, ते म्हण.

आठवा_सूर

दोन्ही तयार ठेव. आणि कोरियनही.

रानजाई

माझ्या लेकीची वही हवी असेल तर कळव. उच्चार तिने नीट उतरवलेत.